वाचकांचे प्रश्न : रेडिओ-नियंत्रित घड्याळ आणि घरातले-बाहेरचे तापमान

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त जर्मनीत असतो. एप्रिलमध्ये सुट्टीवर येताना त्याने त्याच्या घरातले एक अंकी घड्याळ आमच्यासाठी आणले. वेळ, तारीख, घरातले तापमान आणि सोबतच्या छोट्या डबीमुळे बाहेरचे तापमान, असे सारे त्यावर दिसते. तिकडे हे घड्याळ वेळ आपोआप लावून घेत असे. येथे मात्र कोपऱ्यातली मनोऱ्याची खूण काही मिनिटे लुकलुकते आणि नाहीशी होते. घड्याळ साडेतीन तास मागे आहे. प्रमाणवेळेचा फरक ३ तासांचा दिला तर ते अर्धा तास मागे राहते आणि ४ तासांचा दिला तर अर्धा तास पुढे जाते. गच्चीवर ठेवून पाहिले, तरी उपयोग झाला नाही. घड्याळ बिघडले आहे काय?
(एक निवृत्त शिक्षक, परभणी)

उत्तर : आपले घड्याळ बिघडलेले नाही, ते दुरुस्तीला देऊन पैसे घालवू नयेत. ज्या केंद्राचा संदेश ऐकून ते वेळ लावते, त्या केंद्राचा आवाका परभणीपर्यंत पोहोचत नाही, एवढाच याचा अर्थ आहे.

हे केंद्र जर्मनीत फ्रँकफर्टजवळच्या माइनफ्लिंगेन या गावी असून डीसीएफ ७७ या नावाने ओळखले जाते. तेथून ७७.५ किलोहर्ट्झ या दीर्घलहरीवर अहोरात्र प्रक्षेपण चालते. या केंद्राचे काम १९५९ मध्ये सुरू झाले आणि १९७३ पासून त्याच्या लहरींवर वेळ व तारीख सांकेतिक रूपात पाठवली जाऊ लागली. संकेताची पद्धत साधी आणि फार देखणी आहे. दर सेकंदाच्या आरंभी लहरीची ताकद क्षणभर कमी केली जाते. ती सेकंदाच्या दहाव्या भागापुरती कमी झाली तर त्याचा अर्थ शून्य आणि दुप्पट काळ कमी राहिली तर त्याचा अर्थ एक. अशा शून्य-एकांच्या ओळीत २१ व्या सेकंदापासून मिनिटांचा आकडा येतो, २९ व्यापासून तासांचा आणि ३६ व्यापासून तारीख, वार, महिना व वर्ष यांचा. ५९ व्या सेकंदाला ताकद मुद्दाम कमी केली जात नाही, आणि ही खूण चुकलेली पाहून घड्याळाला कळते की आता नवे मिनिट सुरू होणार. म्हणजे पूर्ण संदेश मिळण्यास एक मिनिट लागते, आणि खात्रीसाठी घड्याळ असे काही संदेश लागोपाठ ताडून पाहते. लुकलुकणारी मनोऱ्याची खूण हा शोध चालू असल्याचे सांगते.

दीर्घलहरी जमिनीला धरून बऱ्याच लांब जातात, तरीही या केंद्राचा भरवशाचा आवाका सुमारे २,००० किलोमीटरांचा धरला जातो. आपण तेथून साडेसहा हजार किलोमीटरांहून अधिक दूर आहोत. गच्चीवर नेल्याने हे अंतर भरून निघत नाही. अशीच केंद्रे ब्रिटन व अमेरिकेत ६० किलोहर्ट्झवर, जपानमध्ये ४० व ६० किलोहर्ट्झवर आणि चीनमध्ये ६८.५ किलोहर्ट्झवर आहेत. पण आपले घड्याळ फक्त ७७.५ किलोहर्ट्झ ऐकण्यासाठी बांधलेले आहे, आणि त्या इतर देशांचे संकेतही वेगळे आहेत. भारतीय प्रमाणवेळ नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सीझियमच्या आण्विक घड्याळांवर राखली जाते. तिची अचूकता फार उच्च दर्जाची आहे, परंतु अशा घरगुती घड्याळांना ऐकू येईल असे दीर्घलहरीचे प्रक्षेपण आपल्या देशात नाही.

अर्ध्या तासाची अडचण मात्र घड्याळ बनवणाऱ्यांच्या गृहीतकातली आहे. युरोपातले शेजारी देश एकमेकांपासून पूर्ण तासाच्या फरकाने आहेत, म्हणून प्रमाणवेळेचा फरक पूर्ण तासांतच देण्याची सोय ठेवलेली असते. आपली प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. त्यामुळे उद्या संदेश मिळू लागला तरी या घड्याळावर आपली वेळ बरोबर लागणार नाही.

यावर उपाय असा. मांडणीच्या बटणांतून प्रमाणवेळेचा फरक शून्य करावा आणि रेडिओ-ग्रहण बंद करण्याची सोय असल्यास ते बंद करावे, कारण न सापडणाऱ्या संदेशाचा शोध रोज चालू राहिला की सेल विनाकारण खर्ची पडतात. त्यानंतर वेळ हाताने लावावी. बहुतेक अशा घड्याळांत मिनिटांचा आकडा पक्का करताच सेकंद शून्यापासून सुरू होतात. त्यासाठी मोबाइलवरची वेळ आपोआप घेण्याची सोय चालू आहे ना, हे आधी पाहावे. मग घड्याळावर पुढचे मिनिट मांडून बोट बटणावर ठेवावे आणि मोबाइलवर ते मिनिट उजाडताच बटण दाबावे. एवढ्याने घड्याळ सेकंदापर्यंत बरोबर लागते.

ते पुढे किती काळ बरोबर राहील, हे आपल्याकडच्या उन्हाळ्यावर अवलंबून आहे, आणि ही गोष्ट मला विशेष सांगावीशी वाटते. रेडिओचा संदेश नसताना हे घड्याळ साधे क्वार्ट्झचे घड्याळ होते. त्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. त्याची घडण २५ अंश सेल्सियसच्या आसपास सर्वांत नेमकी राहावी अशी केलेली असते. तापमान त्याहून वाढले तरी आणि कमी झाले तरी, दोन्ही वेळा स्फटिक मंदच होतो. शिवाय ही मंदी तापमानातल्या फरकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पत्र्याच्या खोलीत ४० अंश तापमान टिकून राहिले, तर नेहमीच्या स्फटिकाचे घड्याळ केवळ उष्णतेपायी दिवसाला अर्ध्या सेकंदाहून थोडे अधिक, म्हणजे महिन्याला सुमारे २० सेकंद मागे पडते. स्फटिकाची मूळची पुढे किंवा मागे जाण्याची खोड त्यात वेगळी धरावी लागते. जर्मनीत ही चूक आपल्या मुलाला कधी दिसली नसेल, कारण तेथे रात्री मिळणारा संदेश ती पुसून टाकत असे. येथे ती साचत जाईल. घड्याळ घरातल्या सर्वांत थंड खोलीत, उन्हाने न तापणाऱ्या आतल्या भिंतीवर लावावे आणि महिन्यातून एकदा वेळ जुळवून घ्यावी.

प्रश्न : आमच्याकडेही घरातले आणि बाहेरचे तापमान दाखवणारे घड्याळ आहे. बाहेरची डबी सूचनापत्रात सांगितल्याप्रमाणे उत्तरेच्या भिंतीला लावली आहे. तरीही मे महिन्यात दुपारी ते ५० च्या पुढे आकडा दाखवते आणि बातम्यांत आमच्या शहराचे तापमान ४१ किंवा ४२ सांगतात. खरे कोणते मानावे? हवामान खाते कमी तापमान सांगते, असे आमच्या गल्लीतील अनेकांचे म्हणणे आहे.
(एक गृहिणी, लातूर)

उत्तर : दोन्ही आकडे खरे आहेत, परंतु ते दोन वेगळ्या वस्तूंचे आहेत. हवामान खाते हवेचे तापमान मोजते. आपली डबी बहुधा तापलेल्या भिंतीचे आणि स्वतःच्या तापलेल्या प्लास्टिकचे तापमान सांगत आहे.

हवामान खात्याचे तापमापक झडपांच्या भिंती असलेल्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर, मोकळ्या जागेत ठेवलेले असतात. झडपांमधून वारा खेळतो. पण ऊन थेट आत येत नाही, आणि तापलेल्या जमिनीची धगही थेट लागत नाही. ही पद्धत जगभर सारखी असल्यामुळेच लातूरचा आकडा नागपूरशी किंवा जयपूरशी ताडून पाहता येतो. उन्हात उभ्या माणसाला जे भाजते ते त्या आकड्यात येत नाही, हे खरे आहे. म्हणून बातमीतला आकडा ऐकून ‘एवढे कमी कसे’ असे वाटणे स्वाभाविक आहे, परंतु त्यात लपवाछपवी नाही.

आता आपल्या उत्तरेच्या भिंतीविषयी. सूचनापत्रातली ती ओळ युरोपासाठी बरोबर आहे. तेथे दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेकडेच असतो, त्यामुळे उत्तरेची भिंत भर उन्हाळ्यातही दुपारी सावलीत असते. मराठवाडा मात्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, सुमारे साडेसतरा ते साडेवीस अंश अक्षांशांच्या पट्ट्यात आहे. लातुरात मे महिन्याच्या मध्याला सूर्य दुपारी नेमका डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारीही तो डोक्याच्या उत्तरेलाच असतो. सकाळी आणि सायंकाळी तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यापासूनच त्याची तिरपी किरणे उत्तरेच्या भिंतीवर पडू लागतात. आपल्या भिंतीवर सायंकाळी पाच-सहा वाजता ऊन येते काय, हे एकदा पाहावे; बहुतेक येत असेलच. त्या वेळी लहानशा बंद डबीतली हवा चटकन तापते आणि आकडा बाहेरच्या हवेला सोडून कितीतरी वर जातो.

त्यामुळे आपल्याकडे दिशेपेक्षा सावली पाहावी लागते. दिवसभरात कोणत्याही वेळी ऊन येणार नाही अशी, वर छज्जा किंवा ओसरीचे छप्पर असलेली आणि वारा खेळणारी जागा निवडावी. डबी भिंतीला चिकटवून लावू नये. चार बोटे अंतर राहील अशी दोरीने टांगावी. सिमेंटची किंवा दगडाची भिंत दिवसभर पिऊन घेतलेली उष्णता रात्री उशिरापर्यंत सोडत असते, आणि भिंतीला टेकलेल्या डबीचा रात्रीचा आकडाही त्यामुळे फसवा येतो. कूलरच्या वाऱ्याची वाट, स्वयंपाकघराची खिडकी आणि वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा भाग यांच्यापासूनही ती दूर असावी. जुन्या माळवदाच्या घरांची जाड भिंतींची, उघडी ओसरी यासाठी उत्तम. अंगणात कडुलिंबाचे मोठे झाड असेल तर त्याच्या दाट सावलीत, आपल्या छातीच्या उंचीवर, पावसापासून आडोसा करून डबी टांगली तरी चालेल.

जागा बदलण्यापूर्वी एक पडताळणी अवश्य करावी. डबी आणि घड्याळ रात्री खोलीत एकाच टेबलावर शेजारी ठेवावे, त्यावर पंख्याचे वारे सारखे लागू द्यावे आणि तासाभराने दोन्ही आकडे पाहावेत. अशा घरगुती उपकरणांत एखाद्या अंशाचा फरक क्षम्य असतो. फरक त्याहून अधिक आणि दरवेळी तेवढाच येत असेल, तर तो लिहून ठेवून आकड्यातून वजा करता येतो.

घड्याळात दिवसभरातले सर्वाधिक आणि सर्वांत कमी तापमान साठवण्याची सोय असेल, तर ती रोज सकाळी साडेआठ वाजता वाचून, वहीत उतरवून, पुसून टाकावी. हवामान खात्याच्या सकाळच्या नोंदीची वेळ हीच आहे, त्यामुळे आपली वही खात्याच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहता येईल. मात्र आपल्या आकड्यावरून उष्णतेची लाट ठरवू नये. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असून ते सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून अधिक असेल, अथवा ते ४५ अंशांवर गेले, तर खाते लाट मानते. आणि ती जाहीर करण्यासाठी केवळ एका ठिकाणची नोंद पुरत नाही.

प्रश्न : आम्ही तुतीची लागवड करून रेशीम कीटक सांभाळतो. संगोपनगृह घरापासून थोड्या अंतरावर असून वर पत्रे आहेत. बाहेरची डबी संगोपनगृहात ठेवून घरात बसल्या जागी तेथील तापमान पाहता येईल काय?
(एक शेतकरी, जालना जिल्हा)

उत्तर : कल्पना चांगली आहे, आणि शोभेसाठी भिंतीवर लावण्यापेक्षा या उपकरणाचा हा उपयोग मला अधिक मोलाचा वाटतो. अडचण पत्र्यांची आहे.

डबीतला छोटा प्रक्षेपक बहुधा ४३३ मेगाहर्ट्झवर दर मिनिटाच्या आसपास एकदा तापमान पाठवतो. खोक्यावर ३० मीटरपासून १०० मीटरपर्यंत काहीही लिहिलेले असले, तरी तो आकडा मोकळ्या मैदानाचा असतो. वाटेत दोन भिंती आल्या की तो निम्म्यावर येऊ शकतो आणि लोखंडी पत्रा तर लहरी परतवूनच लावतो. या लहरीची लांबी सुमारे ७० सेंटीमीटर आहे, म्हणून पत्र्यातल्या लहान फटींतून ती नीट बाहेर पडत नाही. त्यामुळे संगोपनगृहाच्या घराकडील बाजूला चांगली मोठी खिडकी किंवा शेडनेटची मोकळी पट्टी असेल, तर डबी तेथून समोर दिसेल अशी टांगावी आणि घड्याळही घराच्या त्याच बाजूच्या खिडकीत ठेवावे. तरीही आकड्याच्या जागी आडव्या रेघा आल्या, तर अंतर जास्त आहे असे समजावे.

उंचीकडेही लक्ष द्यावे. पत्र्याखालची हवा आणि खालच्या रॅकमधली हवा यांत दुपारी कित्येक अंशांचा फरक पडतो. अळ्या ज्या रॅकवर आहेत त्या उंचीवर, पण फांद्यांना न टेकता, डबी असावी. चॉकी केंद्रावरून, म्हणजे कोवळ्या अळ्या वाढवून देणाऱ्या केंद्रावरून, दुसरी कात टाकलेल्या अळ्या आणल्यानंतर तिसऱ्या अवस्थेत २६ अंश, चौथ्या अवस्थेत २५ आणि पाचव्या अवस्थेत २४ अंश सेल्सियसच्या आसपास तापमान हवे असते. आर्द्रताही याच क्रमाने ८० टक्क्यांवरून ६५ ते ७० टक्क्यांपर्यंत उतरती ठेवावी लागते. जालन्याच्या मार्च-एप्रिलमध्ये तापमानाइतकाच कोरड्या हवेचा त्रास होतो, पाला लवकर सुकतो आणि अळ्या तो खाईनाशा होतात. म्हणून नुसते तापमान दाखवणारे घड्याळ आपल्याला अपुरे पडेल. घेणारच असाल, तर बाहेरच्या डबीत आर्द्रताही मोजणारे आणि ठरवलेल्या मर्यादेपलीकडे आकडा गेला की आवाज देणारे घ्यावे. तोपर्यंत आर्द्रता काढण्यासाठी वापरतात तो ओल्या व कोरड्या फुग्याचा साधा तापमापक अधिक कामाचा आहे.

आणखी एक काळजी घ्यावी. दोन पिकांच्या मधल्या निर्जंतुकीकरणाच्या वेळी डबी न विसरता बाहेर काढावी. ब्लीचिंग पावडर आणि तत्सम क्लोरीनयुक्त द्रावणांच्या वाफेने सेलची टोके गंजतात आणि आर्द्रता मोजणारा भाग कायमचा खराब होतो.

प्रश्न : ऑनलाइन बाजारात ‘अ‍ॅटॉमिक’ असे लिहिलेली घड्याळे बरीच महाग मिळतात. त्यांत खरोखर काही आण्विक असते काय, आणि ती घ्यावीत काय?
(एक महाविद्यालयीन विद्यार्थी, बीड)

उत्तर : त्या घड्याळात तसे काही नसते. सेकंदाची व्याख्या १९६७ पासून सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांवर ठरलेली आहे; ती कंपने मोजणारी यंत्रे प्रयोगशाळेत असतात आणि घरातले घड्याळ केवळ त्यांच्यावरून पाठवलेला रेडिओ-संदेश ऐकते. तो संदेश येथे येत नाही, म्हणून बीडमध्ये या नावासाठी जादा पैसे मोजू नयेत.

आपोआप लागणारेच घड्याळ हवे असेल, तर वायफायवरून इंटरनेटची वेळ घेणारे घ्यावे. विकत घेण्यापूर्वी त्यात साडेपाच तासांची प्रमाणवेळ देता येते काय, एवढे विचारून घ्यावे. वीज गेल्यावर राउटर बंद पडले तरी हरकत नाही. स्वतःचा सेल असलेले घड्याळ तेवढा वेळ आपल्या स्फटिकावर चालते आणि नंतर वेळ जुळवून घेते.

प्रश्न : दुपारी आमच्या घड्याळाचा पडदा काळा पडतो आणि रात्री पुन्हा ठीक होतो. शिवाय सेल बदलल्यापासून बाहेरचे तापमान दिसतच नाही.
(एक दुकानदार, नांदेड)

उत्तर : घड्याळावर किंवा त्यामागच्या पत्र्यावर ऊन येत असावे. या पडद्यातला द्रवस्फटिक साधारण ५० अंशांपर्यंतच नीट काम करतो. त्यापुढे तो काळवंडतो आणि थंड झाल्यावर पूर्ववत होतो. हे रोज घडू दिले तर काही काळाने डाग कायमचे राहतात, म्हणून जागा आजच बदलावी.

सेल बदलल्यावर घड्याळ आणि बाहेरची डबी या दोघांची ओळख पुन्हा करून द्यावी लागते. दोन्हींतले सेल काढून पाच मिनिटे थांबावे, दोन्ही उपकरणे एकाच टेबलावर दोन-तीन हातांच्या अंतराने ठेवावीत, आधी डबीत नवे सेल घालावेत आणि मग घड्याळात. डबीच्या आत १, २, ३ अशी खाच असेल, तर तिचा आकडा आणि घड्याळावरचा आकडा एकच असावा. तापमान दिसू लागेपर्यंत कोणतेही बटण दाबू नये आणि त्यानंतरच डबी बाहेर न्यावी. सेल दोन्हीकडे नवे आणि एकाच जातीचे अल्कलाइन असावेत. पुन्हा भरता येणारे सेल १.२ व्होल्टचेच असल्यामुळे अनेक डब्यांना ते पुरत नाहीत. घड्याळ महिनोन्महिने बंद ठेवणार असाल, तर सेल काढून ठेवावेत; उन्हाळ्यात ते पाझरतात आणि पाझरलेला द्रव आतल्या धातूच्या टोकांना खाऊन टाकतो.